राटेन: एल्बेकाठच्या छोट्या गावी तीन दिवस पायी आणि सायकलवर कसे घालवावेत

जर्मनीच्या सॅक्सनी राज्यात, ड्रेस्डेन शहराच्या आग्नेयेला, एल्बे नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले राटेन हे जेमतेम साडेतीनशे वस्तीचे गाव आहे. गावाच्या डोक्यावर बास्टाय नावाचा वालुकाश्माचा प्रसिद्ध कडा असून तो पाहण्यासाठी रोज माणसांची रीघ लागते; परंतु बहुतेक जण सकाळी उशिरा येतात, कड्यावरच्या दगडी पुलावर छायाचित्रे काढतात आणि दुपारच्या गाडीने परततात. ड्रेस्डेनला शिकायला किंवा तिथल्या चिप कारखान्यांत नोकरीला आलेली आपली मंडळीही पाहुण्यांना घेऊन असाच एक दिवस उरकतात. माझे म्हणणे असे, की या गावात निदान दोन रात्री मुक्काम करावा, कारण सकाळी नऊच्या आधीचे आणि संध्याकाळी सहानंतरचे राटेन हेच खरे पाहण्यासारखे आहे, आणि ते फक्त मुक्कामी असणाऱ्यालाच मिळते. प्रथमच जाणाऱ्याला पुढील क्रम उपयोगी पडेल.

पहिली पायरी: काळ ठरवणे आणि पोहोचणे

मे ते ऑक्टोबर हा काळ चांगला. मे महिन्यात बीच वृक्षांची पालवी कोवळी असते, तर ऑक्टोबरात पाने तांबूस होतात आणि पहाटे नदीवर धुके साचते. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस मोठा मिळतो, पण गर्दीही तेवढीच असते आणि दुपारनंतर वादळी पाऊस कोसळण्याचा संभव असतो. हिवाळ्यात दगडी आणि लोखंडी पायऱ्यांवर बर्फ जमतो, त्यामुळे नवख्याने त्या दिवसांत येथे चढाई करू नये.

ड्रेस्डेनच्या मुख्य स्थानकावरून एस-१ ही लोकल गाडी पिर्ना, वेलेन, राटेन, क्योनिगश्टाइन आणि बाड शांडाउ करत सरहद्दीजवळच्या श्योनापर्यंत जाते. राटेनला पोहोचायला सुमारे चाळीस मिनिटे लागतात. गाडीत जाताना डाव्या बाजूला बसावे, कारण पिर्नानंतर रूळ नदीला अगदी खेटून धावतात आणि नदी त्याच बाजूला असते. चार-पाच जणांचा गट असेल तर छोट्या गटासाठीचे दिवसभराचे तिकीट काढणे स्वस्त पडते. ज्यांच्याकडे डॉइचलांड-टिकेट हा मासिक पास आहे, त्यांना वेगळे तिकीट लागत नाही, मात्र त्या पासात सायकल धरलेली नसते. यंत्रातून काढलेल्या कागदी तिकिटावर शिक्का मारून घ्यावा लागत असेल, तर गाडीत चढण्यापूर्वी तो मारायला विसरू नये. या एका चुकीपायी पुष्कळ नवख्यांना दंड भरावा लागतो.

किराणा ड्रेस्डेनहूनच घेऊन निघावे. राटेनमध्ये दुकाने फार थोडी आहेत, आणि जर्मनीत रविवारी बाजार बंद असतो. मोठ्या स्थानकांतील दुकाने मात्र रविवारीही उघडी असतात. रोख युरो आणि नाणी जवळ असावीत.

दुसरी पायरी: नदी ओलांडणे

रेल्वे स्थानक डाव्या काठावर, म्हणजे ओबरराटेनमध्ये आहे, तर राहण्याच्या बहुतेक जागा, उपाहारगृहे आणि बास्टायची वाट उजव्या काठावरच्या नीडरराटेनमध्ये आहे. येथे पूल नाही. स्थानकावरून पाच मिनिटे उतरले की फेरीबोटीचा धक्का लागतो. मोटारीने येणाऱ्या पाहुण्यांनाही गाडी अलीकडच्याच काठावर ठेवावी लागते, म्हणून पलीकडच्या गल्ल्यांत इतकी शांतता असते की ओढ्याचा आवाज ऐकू येतो.

ही फेरीबोट घाईने चढून-उतरून जाण्याची गोष्ट नाही. नदीच्या वरच्या अंगाला पात्रात नांगरलेल्या एका लांब तारेला ती बांधलेली असते, आणि ती तार पाण्यात बुडू नये म्हणून मध्ये छोट्या होड्यांवर तोललेली असते. नावाडी सुकाणू फिरवून बोट प्रवाहाला तिरकी करतो, त्याबरोबर पाण्याचा रेटा तिला बाजूला ढकलू लागतो आणि ती घड्याळाच्या लंबकासारखी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरकते. इंजिन नाही, धूर नाही; ऐकू येतो तो फक्त फळ्यांवर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज. कोकणात तरीवरून खाडी ओलांडलेल्या माणसाला त्या तिरक्या चालीचे मर्म लगेच कळेल. बोटीवर सायकल नेता येते. रात्रीची शेवटची फेरी किती वाजता आहे हे धक्क्यावरच्या फलकावर पाहून ठेवावे, कारण क्योनिगश्टाइनला जेवून परतायचे असेल तर सगळा कार्यक्रम त्या वेळेवर अवलंबून राहतो.

राटेन हे हवापालटाचे मान्यताप्राप्त गाव असल्याने मुक्कामाच्या बिलात दर माणशी थोडा स्थानिक कर लागतो आणि त्याबदल्यात पाहुण्यांचे कार्ड मिळते. त्या कार्डावर बस, फेरीबोट किंवा प्रवेशशुल्कात काय सवलत आहे, हे घरमालकाला पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

तिसरी पायरी: पहिली संध्याकाळ गावात

पोहोचल्याच्या दिवशी चढाई करू नये. गावातून ओढ्याच्या कडेने वर चालत गेल्यास थोड्याच वेळात आमझेलझे हा छोटा तलाव लागतो. आमझेल म्हणजे काळा, पिवळ्या चोचीचा कस्तुर-जातीचा पक्षी. मे-जूनच्या संध्याकाळी त्याचे गाणे या दरीत घुमत असते. तलाव नैसर्गिक नाही, ओढ्याला बांध घालून तो केलेला आहे, पण दोन्ही बाजूंचे सुळके त्यात उतरल्यासारखे दिसतात. त्यातला एक सुळका आगगाडीच्या वाफेच्या इंजिनासारखा आहे आणि त्याचे नावही ‘लोकोमोटिव्ह’ असेच आहे. उन्हाळ्यात येथे वल्ह्यांच्या नावा भाड्याने मिळतात. वाटेत डावीकडे जाणारा फाटा फेल्सनब्यूने या खुल्या नाट्यगृहाकडे जातो. 1936 साली सुरू झालेले हे नाट्यगृह दुरुस्तीनंतर 2022 मध्ये पुन्हा उघडले असून, कड्यांच्या कुशीत बसून उन्हाळी प्रयोग पाहायचा असेल तर तिकीट आधी काढून ठेवावे.

परत येताना धक्क्याजवळच्या घरांच्या भिंती नीट पाहाव्यात. महापुराच्या पाण्याच्या खुणा आणि त्यांच्याशेजारी साल अशा नोंदी एल्बेकाठच्या गावांत ठिकठिकाणी कोरलेल्या किंवा रंगवलेल्या आढळतात. ऑगस्ट 2002 च्या महापुरात ड्रेस्डेनला नदीची पातळी 9.40 मीटरवर गेली होती. 2013 मध्ये ती पुन्हा 8.78 मीटरपर्यंत चढली. आपण नदीकडे तोंड करून ज्या बाकावर बसून कॉफी घेतो, त्याच्या कितीतरी वर ती रेघ असते. उलट कोरड्या उन्हाळ्यात पाणी इतके उतरते की ड्रेस्डेनहून येणाऱ्या चाकांच्या जुन्या आगबोटींच्या फेऱ्या रद्द कराव्या लागतात; म्हणून आगबोटीने परतण्याचा बेत असेल तर आदल्या दिवशी चौकशी करावी.

चौथी पायरी: पहाटेचा बास्टाय

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास निघावे. बास्टायचा माथा समुद्रसपाटीपासून 305 मीटरवर आणि नदीपासून 194 मीटर उंच आहे, म्हणजे सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला उंचीची मुळीच धास्ती नको. नीडरराटेनमधून पाट्या धरून चढू लागले की जंगलातून पायऱ्या वर जातात आणि थांबत-थांबत पाऊण तासात आपण पुलाशी पोहोचतो.

हा बास्टायचा पूल 1851 मध्ये वालुकाश्मात बांधला गेला. तो 76.5 मीटर लांब असून सात कमानींवर उभा आहे आणि त्याच्याखाली सुमारे 40 मीटर खोल घळ आहे. त्याआधी, 1826 पासून, येथे लाकडी पूल होता. पुलावर उभे राहून तो नीट दिसत नाही, म्हणून जवळच्या फर्डिनांड सज्जावर आधी जावे. तेथून सुळक्यांच्या मधून गेलेली कमानींची ओळ समोर येते. एका सुळक्याच्या टोकावर साधूची पत्र्याची आकृती वाऱ्याबरोबर फिरत असते, ती दुर्बिणीतून मुलांना दाखवावी. पुलावरच्या शिलालेखांपैकी एक हेर्मान क्रोने या छायाचित्रकाराचा आहे. त्याने 1853 मध्ये येथे टिपलेली निसर्गदृश्ये जर्मनीतील पहिल्या निसर्ग-छायाचित्रांपैकी मानली जातात. नदीवर झुकलेला जुना सज्जा खालचा दगड ठिसूळ झाल्याने बंद करावा लागला होता. त्याच्यावर, खडकाच्या त्या टोकाला भार न देणारा नवा सज्जा 2023 मध्ये खुला झाला.

पुलाला लागूनच नॉयराटेन या खडकात कोरलेल्या किल्ल्याचे अवशेष आहेत. थोडे शुल्क देऊन लोखंडी पुलांवरून त्यात फिरता येते. घाईत असलेले प्रवासी हा भाग टाळतात, पण मराठी वाचकाने तो अजिबात टाळू नये. कातळात कोरलेले पाण्याचे टाके, लाकडी खोल्यांच्या तुळया बसवण्यासाठी पाडलेल्या खाचा, वर चढवून ठेवलेले दगडी गोळे: आपल्या गडांवर पाहिलेल्या कितीतरी खुणा येथे वेगळ्या दगडात भेटतात. तटबंदी जवळजवळ नाहीच, कारण सुळके हेच तट होते आणि सगळी वस्ती त्यांच्यामध्ये लाकडात टांगलेली होती. पंधराव्या शतकात हा किल्ला पाडाव झाला. लाकूड गेले आणि खाचा तेवढ्या राहिल्या.

साडेनऊ-दहाच्या सुमारास बसगाड्यांतून माणसे येऊ लागतात. तोपर्यंत आपण उतरायला लागलेले असावे. आल्या वाटेने न उतरता श्वेडनल्योखरची वाट धरावी. या नावाचा अर्थ ‘स्वीडिश लोकांच्या वेळची बिळे’ असा असून, तीस वर्षांच्या युद्धात 1639 साली स्वीडनचे सैन्य आले तेव्हा आसपासचे शेतकरी याच घळीत लपले होते. सुमारे 700 पायऱ्या, दोन्ही बाजूंना हात पसरले तर टेकतील अशा ओलसर भिंती, शेवाळ आणि नेचे, आणि वर आकाशाची चिंचोळी पट्टी. गुडघे दुखत असतील त्यांनी हा फेरा उलटा करावा, म्हणजे घळीतून चढावे आणि पायऱ्यांच्या रुंद वाटेने उतरावे. खाली आल्यावर ओढ्याकाठची वाट आमझेलझेवरून गावात आणून सोडते. पूर्ण फेरा सुमारे सहा किलोमीटरचा असून किल्ला धरून चार तास पुरतात.

येथे दगडाविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, कठीण. पावसात तो घसरडा होतो, पण ठिसूळ होत नाही. राटेनचा दगड सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेली वाळू आहे. तो पाणी शोषून घेतो आणि ओला असताना त्याची ताकद खूप घटते. म्हणूनच सॅक्सनीच्या गिर्यारोहकांनी पाऊस झाल्यावर ओल्या सुळक्यांवर चढायचे नाही, हात कोरडे ठेवणारी मॅग्नेशियाची पूड वापरायची नाही आणि दोरासाठी धातूच्या पाचरींऐवजी दोरखंडाच्या गाठी वापरायच्या, असे कडक नियम स्वतःला घालून घेतले आहेत. चालणाऱ्याने त्यातून एवढे घ्यावे, की कठड्याबाहेरच्या खडकावर छायाचित्रासाठी पाय ठेवू नये, दगडावर नावे कोरू नयेत आणि पाऊस झाल्यावर कड्याच्या पायथ्याशी रेंगाळू नये.

पाचवी पायरी: सायकलचा दिवस

ज्यांना रोज सायकल चालवण्याची सवय नाही, त्यांनीही हा दिवस सोडू नये, कारण एल्बेराडवेग हा नदीकाठचा सायकलमार्ग जवळजवळ सपाट आहे. चेक प्रजासत्ताकातील क्र्कोनोशे पर्वतापासून उत्तर समुद्रावरच्या कुक्सहाफेनपर्यंत तो 1,200 किलोमीटरहून अधिक लांब जातो. आपल्याला त्यातला छोटासा तुकडा पुरेसा आहे. सायकल गावातच मिळेल असे गृहीत न धरता ड्रेस्डेन किंवा बाड शांडाउमध्ये आधी ठरवून भाड्याने घ्यावी.

माझ्या मते सर्वांत सोयीचा बेत असा: राटेनहून सायकलसह गाडीत बसून शेवटच्या श्योना स्थानकावर उतरावे आणि डाव्या काठाने प्रवाहाबरोबर परत यावे. हे अंतर साधारण 20 किलोमीटर आहे. सायकलचे वेगळे तिकीट काढावे आणि सायकलचे चिन्ह असलेल्या डब्यातच चढावे. श्योनाच्या समोर पलीकडच्या काठावर ह्रेन्स्को हे सरहद्दीवरचे चेक गाव दिसते. चेक बाजूला फेरफटका मारायचा असेल तर पासपोर्ट आणि निवास-परवाना मूळ स्वरूपात जवळ ठेवावा. पासपोर्ट-तपासणीविना प्रवासाचे शेंगेन क्षेत्र असले तरी या सरहद्दीवर पोलीस तपासणी करतात.

श्योनानंतर क्रिपेन लागते. लाकडाचा लगदा दळून त्यापासून कागद करण्याची पद्धत शोधणारा फ्रीडरिष गॉटलोब केलर याच गावात राहत होता, आणि चित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिषने 1813 मध्ये येथेच मुक्काम केला होता. या प्रदेशाला ‘सॅक्सनीचे स्वित्झर्लंड’ हे नावही चित्रकारांमुळेच मिळाले. ड्रेस्डेनच्या कला अकादमीत शिकवायला आलेले आड्रियान त्सिंग आणि आंटोन ग्राफ हे दोघे स्विस होते, आणि या टेकड्या पाहून त्यांना आपला मुलूख आठवला. त्या काळातल्या चित्रकारांच्या वाटा जोडून आखलेला मालरवेग हा पायी मार्ग आज आठ टप्प्यांचा आणि सव्वाशे किलोमीटरच्या आतला आहे; राटेनमध्ये फिरताना ब्रशने काढल्यासारखे ‘एम’ हे अक्षर दिसेल, ते त्याचे चिन्ह.

बाड शांडाउ मागे टाकून सुमारे सहा किलोमीटरवर क्योनिगश्टाइन येते. सायकल खाली शहरात कुलूप लावून ठेवावी आणि किल्ल्यावर पायी किंवा बसने जावे. साडेनऊ हेक्टरांचा हा सपाट माथा नदीपासून 240 मीटर उंच आहे आणि किल्ला लढून कधीही कोणी घेतलेला नाही. त्यातील विहीर 1563 ते 1569 या काळात खोदली गेली असून ती 152.5 मीटर खोल आहे. पाणी ओतल्यावर खालून आवाज यायला किती वेळ लागतो, ते उभे राहून मोजण्यासारखे आहे. किल्ल्याला निदान तीन तास द्यावेत. तेथून राटेन आणखी सहा किलोमीटर.

मार्गावर उजव्या बाजूने चालवावे, चालणाऱ्यांना घंटी वाजवून वाट मागावी, आणि अरुंद जागी ‘उतरून चाला’ अशी पाटी असेल तर खरोखर उतरावे. सायकल चालवताना हातात फोन धरल्यास 55 युरो दंड आहे. इथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलवाटांवर सायकलसाठी खूण नसेल तर सायकल नेऊ नये.

सहावी पायरी: तिसऱ्या दिवसाची निवड

पाय चांगले असतील तर 415 मीटर उंचीचा लिलियनश्टाइन चढावा. सपाट माथ्याचा हा डोंगर राष्ट्रीय उद्यानाच्या बोधचिन्हावरही आहे. क्योनिगश्टाइनहून फेरीबोटीने पलीकडे हालबेश्टाटला उतरून एबनहाइट या वाडीतून दक्षिणेच्या बाजूने चढावे आणि उत्तरेच्या पायऱ्यांनी उतरावे. चढ सुमारे 300 मीटरचा, शेवटचा भाग जिन्यांचा. याच डोंगराच्या पायथ्याशी 1756 मध्ये, सात वर्षांच्या युद्धाच्या आरंभी, वेढ्यात उपाशी पडलेल्या सॅक्सन सैन्याने प्रशियापुढे शस्त्रे ठेवली.

जंगलात शिरण्यापूर्वी खुणा समजून घ्याव्यात. पांढऱ्या चौकोनात लाल, निळी, हिरवी किंवा पिवळी आडवी पट्टी ही चालण्याच्या वाटेची खूण आहे. काळा त्रिकोण दिसला तर ती गिर्यारोहकांची सुळक्याकडे जाणारी वाट समजावी आणि तिकडे वळू नये. 1990 साली स्थापन झालेल्या या राष्ट्रीय उद्यानात ठरलेली वाट सोडणे, विस्तव पेटवणे आणि धूम्रपान करणे निषिद्ध आहे. 2022 च्या जुलैमधील मोठ्या वणव्यानंतर याबाबत कोणी हयगय करत नाही. सालीतल्या किड्यांमुळे स्प्रूसची असंख्य झाडे वाळून उभी आहेत आणि ती पडू लागल्याने काही वाटा बंद कराव्या लागतात, म्हणून सकाळी निघण्यापूर्वी बंद वाटांची सूचना पाहावी आणि वाऱ्याच्या दिवशी वाळलेल्या झाडांखाली थांबू नये. आपत्तीत 112 हा क्रमांक लावावा.

गवतातून चालणाऱ्यांनी पूर्ण पँट घालावी आणि संध्याकाळी अंगावर गोचिडी तपासाव्यात. सॅक्सनीत त्यांच्यापासून मेंदूज्वराचा धोका असल्याने येथे राहणाऱ्यांनी लस घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. शाकाहारी माणसाने बटाट्याचे सूप मागवताना त्यात सॉसेज नाही ना, हे विचारून घ्यावे. क्वार्ककॉयल्खेन हे बटाटा आणि क्वार्क (चक्क्यासारखे मऊ, ताजे चीज) घातलेले, तव्यावर भाजलेले गोड वडे मात्र अंडे चालत असेल तर सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर निर्धास्त खावेत.

चढाई नको असेल किंवा परतीची गाडी संध्याकाळची असेल, तर डाव्या काठावरचा राउएनश्टाइन उत्तम. फेरीबोटीने अलीकडे येऊन वायसिग गावातून वर गेले की 304 मीटर उंचीच्या या कड्यावरून लोखंडी जिन्यांची आणि छोट्या पुलांची वाट निघते आणि पोएट्च्याला, म्हणजे वेलेनच्या स्थानकाशी उतरते. तेथून गाडीने एकच स्थानक मागे राटेन. या कड्यावर फारसे कोणी भेटत नाही. तेथे दुपारी डबा उघडून बसले, की नदीपलीकडे बास्टाय पूर्ण रुंदीने समोर असतो, आणि आदल्या पहाटे आपण एकट्याने ओलांडलेल्या पुलावर आता माणसांची रांग हलताना दिसते.